आधीच आणलेली पेटी

नंदाखालला आमच्या आळीत माझं पाठीमागचं नाव 'हॅड टीचर'. तोंडावर सगळे 'एमिली टीचर' म्हणायचे, पण एका वाडीत बोललेलं पलीकडच्या वाडीत ऐकू जातं, त्यामुळे मला ते पक्कं ठाऊक होतं. राग यायचा, नाही असं नाही. पण नाव मी स्वतःच्या जिभेनं कमावलं होतं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार?

त्याचं असं, की गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागल्यापासून माझं डोकं सर्वांत जास्त कुणी फिरवलं असेल तर ते इंग्रजीतल्या या हॅडनं. सोमवारी वर्गात एखाद्याला उभं करून विचारावं, काल कुठे होतास? तो छाती पुढे काढून सांगणार, "आय हॅड गॉन टु विरार, टीचर."

"बरं, मग?"

"मग काय, टीचर?"

"विरारला गेला होतास. त्यानंतर काय घडलं?"

"काही नाही. परत आलो."

"मग हॅड कशाला जोडलास?"

यावर तो मुलगा माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याला विरारला जायला बंदी केली आहे. चूक त्याची एकट्याची नव्हती. आपण मराठीत 'मी काल विरारला गेलो होतो' असं सहज म्हणतो आणि त्यातला 'होतो' उचलून जसाच्या तसा इंग्रजीत नेऊन बसवतो. इंग्रजीत तो एकटा बसत नाही. तिथं मागं घडलेल्या दोन गोष्टी लागतात. जी आधी उरकलेली असेल तिला हॅड मिळतो, नंतरची बिचारी साध्या भूतकाळात राहते. एवढीशी गोष्ट. पण ती सांगता सांगता माझे खडू संपायचे आणि आवाज आळीपर्यंत पोचायचा.

या हॅडनं शाळेबाहेर जिला सर्वांत जास्त छळलं ती म्हणजे आमच्या शेजारची इझाबेल. ही एक्याऐंशी सालची गोष्ट. इझाबेल हुशार पोरगी, गणितात तर माझा कान धरेल अशी. पण एस.एस.सी.ला इंग्रजीत गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, पुन्हा गेली. बाकी सगळे विषय सुटले होते, हा एकच अडकला होता. तिला नर्स व्हायचं होतं. तिची आई इस्पितळात वारली, तेव्हापासून तिच्या मनानं ते घेतलं होतं. मुंबईच्या एका मिशन इस्पितळात नर्सिंगचं शिक्षण मिळायचं, राहायला होस्टेल होतं, पण एस.एस.सी. पास असल्याशिवाय ते दारात उभं करत नसत. आता मार्चची परीक्षा आली होती.

आणि दुसरीकडे आगाशीचं स्थळ आलं होतं. मुलगा लुईस, स्वतःची वाडी, निर्व्यसनी, चर्चच्या बँडमध्ये कर्णा वाजवणारा. नाव ठेवायला जागा नव्हती आणि तीच तर पंचाईत होती. आळीतल्या बायकांनी, विशेषतः समोरच्या बेटीनं, ठरवूनच टाकलं होतं की यंदा इंग्रजी निघालं तर बघू, नाहीतर ईस्टरनंतर लग्न. इझाबेलचे वडील सिप्रियनभाऊ यावर काहीच बोलत नव्हते. आणि आमच्याकडे बाप गप्प बसला की लोक त्याचा होकार धरतात.

सिप्रियनभाऊ मुळातच कमी बोलणारा माणूस. बायको गेल्यापासून तर शब्द मोजून खर्च करायचे. सगळा जीव वाडीत आणि सुकेळीत. आमच्याकडची राजेळी केळी पिकवून, सोलून, बांबूच्या मांडवावर उन्हात घालतात. ती दिवसा वाळवायची, उलटायची आणि संध्याकाळी दंव पडायच्या आत घरात घ्यायची. असं बरेच दिवस केलं की केळं आक्रसून मधाच्या रंगाचं होतं, मग सुक्या पानात बांधायचं. एक संध्याकाळ चुकली आणि केळ्यांना दंव लागलं, की बुरशी धरते आणि सगळे कष्ट पाण्यात जातात. घरात माणसं दोनच, त्यामुळे इझाबेलला अंगण सोडून शिकवणीला येणं शक्य नव्हतं. मग मीच शाळा सुटल्यावर त्यांच्या अंगणात जाऊन बसायची. ती केळी सोलायची, मी शिकवायची. सिप्रियनभाऊ थोडं बाजूला, आमच्याकडे पाठ करून सुकेळी बांधत बसायचे. ते ऐकतात की नाही, कळायला मार्ग नव्हता. मला वाटायचं, या माणसाच्या कानात केळीचा चीक गेलाय.

रूपं तिला चटकन आली. हॅड लिहायचा आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गो, वेंट, गॉन. टेक, टूक, टेकन. फॉल, फेल, फॉलन. एकेका केळ्यामागे एकेक क्रियापद, रोझरीचे मणी ओढावेत तसं ती म्हणायची. 'ही, शी, इट'ला काय येतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "टीचर, हॅड सगळ्यांना सारखाच. हा एकच बरा." मी खूश झाले आणि 'माझी सहल' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या.

दहाच्या दहा ओळींत हॅड. आम्ही गेलो होतो, आम्ही खाल्लं होतं, समुद्र होता तिथंही हॅड, आणि शेवटी 'वुई हॅड रिटर्न्ड हॅपिली.'

"इझाबेल," मी म्हटलं, "मीठ घालतात तसं घालतेस की काय?"

"चुकलं का टीचर?"

"एकाच सहलीत एवढं सगळं आधी घडलं, तर नंतर काय घडलं?"

तिनं जरा विचार केला. "नंतर इंग्रजीत नापास झाले," म्हणाली.

हसू येत होतं, पण मी हसले नाही. शिक्षिकेनं हसू दाबायचं असतं, एवढं बी.एड.ला शिकवलेलं मला अजून आठवतं. रागानं पुस्तक मिटलं. तेवढ्यात तिनं आभाळाकडे बघितलं आणि ताडकन उठली. "टीचर, दंव यायला लागलं. जरा हात लावा."

आम्ही तिघांनी मिळून केळी आत घेतली. सुपं, टोपल्या, चटया, धावपळ नुसती. सगळी केळी आत ठेवून, वर केळीची पानं झाकून आम्ही ओट्यावर टेकलो, तर अंगणातला दोरीवरचा पंचा ओलसर लागायला लागला होता. आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षानुवर्षं मी फळ्यावर रेघा मारून 'पहिली घटना, दुसरी घटना' शिकवत होते, आणि हे इथं रोज संध्याकाळी अंगणात घडत होतं.

"इझाबेल, दंव पडलं तेव्हा केळी कुठं होती?"

"आत."

"आत कधी घेतली?"

"आधीच."

"मग सांग इंग्रजीत. व्हेन द ड्यू फेल..."

ती थांबली. ओठांत पुटपुटली. मग हळूच म्हणाली, "व्हेन द ड्यू फेल, वुई हॅड टेकन द बनानाज इनसाइड."

"आता हॅड काढून टाक. व्हेन द ड्यू फेल, वुई टूक द बनानाज इनसाइड. म्हणजे काय झालं?"

"दंव पडलं आणि मग आम्ही धावलो." तिचे डोळे मोठे झाले. "टीचर, मग तर केळी गेली. बाबा मला दारात उभं करणार नाहीत."

"बघ. एका हॅडनं केळी वाचतात."

त्या दिवसापासून तिला तो काळ कळला. नुसता लिहिता आला असं नाही, कळला. प्रत्येक वाक्याला ती स्वतःच विचारायची, दंव कुठलं आणि केळी कुठली? दोन गोष्टी सापडल्या नाहीत तर हॅड नाही. 'मी काल आगाशीला गेले' याला दंवच नाही, म्हणून 'आय वेंट', विषय संपला. मीही मग शाळेत तेच शिकवायला लागले आणि माझे खडू जास्त दिवस टिकायला लागले.

एकदा मात्र चूक माझीच निघाली. तिनं 'माझी आई' यावर निबंध लिहिला होता. त्यात ओळ होती, 'माय मदर हॅड डाइड.' मी सवयीनं लाल पेन्सिल उचलली. "इथं दुसरी गोष्ट कुठाय? नुसतं 'डाइड' लिही."

इझाबेल हातातल्या केळ्याकडे बघत राहिली. "आहे टीचर, लिहायची राहिली," ती म्हणाली. "आईला नारळाचं पाणी हवं होतं. मी आणायला गेले. व्हेन आय केम बॅक, माय मदर हॅड डाइड."

मी पेन्सिल खाली ठेवली. पलीकडे सिप्रियनभाऊंचे हात थांबले होते. ते वळले नाहीत, पण बराच वेळ त्यांनी पुढचं केळं उचललं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. वाक्य अगदी बरोबर होतं. त्यात मला सुधारण्यासारखं काही नव्हतं.

बघता बघता मार्च आला. इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी शाळा लवकर सुटली. शेवटची उजळणी घ्यावी म्हणून मी भरभर घरी येत होते, तर थांब्यावर नालासोपाऱ्याकडून येणारी एस.टी. उभी होती आणि टपावरून सिप्रियनभाऊ काहीतरी खाली उतरवून घेत होते. कोरी करकरीत पत्र्याची पेटी. हिरवा रंग, झाकणावर गुलाबाची फुलं. ते काम तुळिंजच्या रामनाथचं, हे लांबूनही कळत होतं. पंचक्रोशीतल्या पेट्यांवर गुलाब काढावे ते त्यानंच.

मी तिथंच थबकले. का, ते सांगते. आमच्या आळीत बाप मुलीसाठी पेटी एकदाच आणतो, लग्न ठरल्यावर. पेटी घरात आली की शेजारणी लगोलग येऊन तिच्यात काही ना काही टाकतात, कारण मुलीची पेटी रिकामी ठेवू नये म्हणतात. मग ती पेटी लग्नाच्या दिवशी मुलीबरोबर सासरी जाते. माझीही आली होती अशीच. आता तिच्यात तांदूळ असतात.

मी घरी पुस्तकं ठेवून पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. सिप्रियनभाऊंच्या पडवीत भिंतीला लावून पेटी ठेवलेली आणि भोवती बायकांचा घोळका. कुणी कपबशी आणलेली, कुणी खणाचं कापड, कुणी लाटणं. बेटीनं सगळ्यांवर ताण केली होती. तिनं लोकरीची, गोंडा लावलेली, इवलीशी टोपी आणली होती, बाळाची.

"बेटी, अगं मुलीचं अजून काही ठरल्याचं तरी ऐकलंस का?" मी विचारलं.

"पेटी आली ना, एमिलीबाय? मग का राहिलं?" बेटी म्हणाली. "आता उपवासकाळात लगीन नाय करता येत, म्हणून. ईस्टर झाला का बँड लागला. नवऱ्याचा स्वतःचाच बँड हाय."

सिप्रियनभाऊ मधोमध उभे होते. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा बायकांनी त्यांच्याकडे सुपारी मागितली. तिसऱ्यांदा ते उघडायच्या भानगडीत पडले नाहीत आणि सुपारी शोधायला आत गेले.

इझाबेल मागच्या अंगणात होती. मांडवाखाली बसली होती आणि तिच्यासमोर पुस्तक मिटलेलं होतं. रडून झालं होतं तिचं.

"टीचर, मी उद्या पेपरला जात नाही."

"का?"

"काय उपयोग? बाबांनी ठरवलंय. मला विचारलं पण नाही. पास झाले काय आणि नापास झाले काय." तिनं नाक पुसलं. "मी अभ्यास करत होते, तेव्हा बाबांनी आगाशीला आधीच होकार दिला होता. बघा, हॅड पण बरोबर आला ना?"

या पोरीनं त्या घडीला व्याकरण बरोबर करावं, याचाच मला जास्त राग आला. माझा राग असा आहे की तो एकदा निघाला की मला बरोबर घेऊनच जातो. मी तरातरा पडवीत गेले. बायका तेवढ्यात चहाला बेटीकडे सरकल्या होत्या. सिप्रियनभाऊ एकटेच पेटीसमोर, हातात सुपारीचं ताट घेऊन उभे.

"सिप्रियनभाऊ," मी म्हटलं, "उद्या पोरीचा पेपर आहे. एक दिवस थांबता नाही आलं? सगळा हिवाळा ती केळी सोलता सोलता शिकली, तुमच्या डोळ्यांदेखत. आणि तुम्ही परस्पर पेटी आणून मोकळे? तिला एका शब्दानं विचारायचं तरी. लुईस चांगला असेल, सोन्याचा असेल, पण तिला..."

"टीचर."

"माझं होऊ द्या. तिची आई असती तर..."

"टीचर, जरा हात लावा," ते म्हणाले.

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि पेटीची एक कडी धरली. मी इतकी रागात होते, की काही न कळता दुसरी धरली. आम्ही पेटी फिरवली. भिंतीकडची बाजू पुढे आली.

लग्नाच्या पेटीवर आमच्याकडे मुलीचं नुसतं नाव घालतात. पुढचं मोकळं सोडतात, कारण आडनाव बदलणार असतं. या पेटीवर पांढऱ्या रंगात, रामनाथच्या वळणदार अक्षरांत, पूर्ण नाव होतं. 'इझाबेल सिप्रियन रॉड्रिक्स.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'नर्सिंग होस्टेल.'

माझा राग जागच्या जागी बसला. मला बसायलाही काही सापडेना, म्हणून मी पेटीवरच बसले.

"नाताळात सिस्टरकडं सुकेळी घेऊन गेलतो," सिप्रियनभाऊ सांगायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तिच्या आईचं केलं त्या मिशन इस्पितळातल्या सिस्टरकडं. तिला इचारलं, पोरीला होस्टेलात का का लागते. ती म्हणाली, कुलपाची पेटी, पांढरी पातळं, बाकी आम्ही देतो. तवाच रामनाथला हांगितलं. परीक्षा झाल्यावर आणनार होतो. पन त्याच्या दुकानात जागा नाय, आजच ने म्हनाला."

"आणि आगाशीचं स्थळ?"

"त्यांना नाताळाच्या आधीच नाय म्हनून आलो."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"नाय म्हटलेलं कोन हांगत फिरते, टीचर?"

हे खरंच होतं. आगाशीवाले कशाला गावभर करतील?

"अहो, पण मुलीला तरी सांगायचं."

"हांगितलं असतं तर अभ्यास सोडून पेटी भरत बसली असती." ते पहिल्यांदाच थोडे हसले. "नाव भिंतीकडं करून ठेवलं. आळीतल्या बायका वाचायला लागल्या का इचारत सुटतात."

मला एकच प्रश्न राहिला होता आणि तो विचारल्याशिवाय मला राहवेना. "आणि समजा, याही वेळेला इंग्रजी निघालं नाही तर?"

सिप्रियनभाऊंनी पेटीवरची धूळ पंचानं पुसली. धूळ नव्हतीच. "तर ऑक्टोबर हाय," ते म्हणाले. "पुढचा मार्च हाय. पेटीला का गंज चढते?"

मागं चाहूल लागली. इझाबेल दारात उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक, पण पेटीवरचं नाव तिला दिसत होतं, मी उठल्यावर तर सगळंच दिसलं. ती पुढे आली आणि तिनं स्वतःच्या नावावरून, मग बापाच्या नावावरून बोट फिरवलं. बापाला मिठी मारायची आमच्याकडे रीत नाही. तिनं त्यांचा पंचा हातातून घेतला आणि त्यात तोंड लपवलं. सिप्रियनभाऊ छपराकडे बघत राहिले. मी दोघांकडेही बघितलं, मला कसली लाज?

मग अचानक पंचातून तिचं डोकं वर आलं. "बाबा, केळी!"

या सगळ्या गोंधळात केळी कुणाच्या लक्षातच नव्हती. ऊन कधीच उतरलं होतं आणि खाडीकडून गारवा सुटला होता. आम्ही तिघं मागं धावलो. मी धावता धावता अशी ओरडले, की बेटीच्या घरातून सगळ्या बायका हातातला चहा टाकून आल्या. कुणी विचारलं नाही, काय झालं. सुकेळीच्या गावात संध्याकाळी कुणी ओरडलं की काय करायचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी पदरात, कुणी टोपलीत, बेटीनं तर सुपारीच्या ताटात केळी भरली. शेवटची चटई आत गेली आणि मी दोरीवरच्या कपड्याला हात लावून बघितला. कोरडा होता.

तेव्हा इझाबेलनं बायकांना पेटीवरचं नाव दाखवलं. मग बेटी म्हणाली, "म्हनजे लगीन नाय?"

"लगीन नाय," सिप्रियनभाऊ म्हणाले.

"मग माझी टोपी?"

"पेटीत गेलेलं बाहेर काढत नाय, बेटी. तूच हांगतेस ना सगळ्यांना?"

बेटी अशी काही बघायला लागली, की पहिल्यांदा इझाबेलला हसू फुटलं, मग मला, मग सगळ्यांनाच. कपबशी, खण, लाटणं, टोपी, सगळं पेटीत राहिलं. लाटण्याचं होस्टेलात काय करायचं, हा प्रश्न कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. इझाबेल शाईनं माखलेल्या बोटांनी बाहेर आली.

"'काळ ओळखा' हा प्रश्न होता?"

"होता."

"हॅड किती ठिकाणी घातलास?"

"जिथं केळी आधी आत गेली होती, तिथंच," ती म्हणाली आणि मला पहिल्यांदा वाटलं, ही सुटणार.

सुटली. निकालाच्या दिवशी आळीत पेढे नाही, सुकेळी वाटली. सिप्रियनभाऊंनी प्रत्येकाच्या हातावर दोन दोन ठेवली आणि एक शब्द बोलले नाहीत. पण आता त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

जून लागला आणि ती जायची वेळ आली. सकाळची एस.टी. होती. मी तिच्यासाठी डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी भरली आणि निघाले, तर वाटेत बेटीनं अडवलं. "एमिलीबाय, तू टीचर, तुझं ऐकेल ती. टोपी तेवढी परत माग. माझ्या सुनेला दिवस गेले हायत." मी म्हटलं, अगं दुसरी विण. ती म्हणाली, तसली लोकर आता मिळत नाही. मी म्हटलं, बाई, मला उशीर होतोय. ती म्हणाली, उशीर तर मलाच झाला, मी त्याच दिवशी काढून घ्यायला हवी होती. अशी ती मला थांब्याच्या वळणापर्यंत सोडेना. शेवटी मी रागानं तिचा हात झटकला आणि डबा पोटाशी धरून धावत सुटले.

थांब्यावर धूळ उडत होती. सिप्रियनभाऊ एकटेच रस्त्याच्या मधे उभे होते. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर पंचा. टपावरची हिरवी पेटी लांब वळणावर एकदा दिसली आणि झाडांआड गेली.

"गेली?" मी धापा टाकत विचारलं.

त्यांनी पंचानं तोंड पुसलं, त्यातच डोळेही पुसले. मग सगळा हिवाळा आमच्याकडे पाठ करून सुकेळी बांधणारा तो माणूस माझ्याकडे वळला आणि वर्गात उभा राहिल्यासारखा सरळ होऊन, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला,

"टीचर, व्हेन यू केम, बस हॅड गॉन."

मी मनातल्या मनात वाक्य तपासलं.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

एक 'द' राहिला होता. मी तो सोडून दिला. "बरोबर, सिप्रियनभाऊ," मी म्हटलं. "अगदी बरोबर."

त्यांनी मान हलवली, माझ्या हातातला डबा घेतला आणि आम्ही दोघं आळीकडे चालायला लागलो. ऊन चढायच्या आत मांडव सोडून आत ठेवायचा होता, पाऊस कधीही आला असता. आता त्या घरात हात लावायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी शाळेला जायच्या आधी त्यांच्या अंगणात गेले.